मध्ये एक पडदा

चोपड्याच्या आमच्या पशुसंवर्धन पदविका केंद्रात
फेब्रुवारीत एक टेबल आलं,
केळीच्या सुक्या पाल्यात बसवून, टेम्पोतून.
काच एवढी लांब की तिच्यावर गाय आडवी मावते.
बोट लावलं की कातडं निघतं,
पुन्हा लावलं की परत बसतं.
रक्त नाही. कुणाला घेरी नाही.

मागच्या खोलीतला फॉर्मलिनचा हौद
हिलाल नानांनी त्याच आठवड्यात कोरडा केला.
एकतीस वर्षं त्या वासानं
त्यांचे डोळे पाणावत आले,
नव्या पोरांना वाटायचं, माणूस हळवा आहे.

नाना टेबलाभोवती एक फेरी मारून आले.
‘ताई, हिले वशिंड नही.’
खरंच नव्हतं. गाय परदेशी होती,
पाठ पाटासारखी सपाट.
मग त्यांनी कोठीपोट उघडायला लावलं,
चष्मा कपाळावर चढवून वाकले.
‘याना पोटमा तं काहीच नही.
हाई काय खास मंग?’
पोरं हसली. मीही हसले.

पण नानांनी उपसलेल्या पोटांतून
काय काय निघायचं ते मी पाहिलंय.
केळीच्या खांबाचे धागे, सरकी,
ठिबकच्या नळीचे तुकडे, दुधाच्या पिशव्यांचा गोळा,
एकदा तर कुणाचं तरी चांदीचं जोडवं.
नानांनी ते धुऊन वर्षभर खिशात ठेवलं,
बाजाराला आलेल्या बायांच्या पायांकडे बघत,
शिव्या खात.

रेमली पावरा मागच्या बाकावरची,
घर वैजापूरच्याही वर, डोंगरात.
दोन महिने तिनं काचेला हात लावला नव्हता.
त्या दिवशी मी छाती उघडली होती,
फासळ्या एकेक करून पुसल्या होत्या.
ती पुढे आली.
जाळीच्या पोटावर बोट ठेवलं,
मग हृदयावर.
‘मॅडम, हे एवढं जवळ असतं?’
‘हो.’
‘केवढं?’
मी कोपऱ्यातली मोजपट्टी शोधू लागले,
तोवर तिनं हातानंच मोजलं. ‘चार बोटं?’
‘कमीच. मध्ये फक्त एक पडदा.’

मग ती सांगू लागली, गायीकडेच बघत.
त्यांचा बैल. निमाडी, तांबडा,
अंगावर चुना उडाल्यासारखे ठिपके.
चढ चढायचा. उतार आला की थांबायचा.
कोपरं बाहेर काढून, पाठ कमान करून,
कर्रकर्र दात खात.
बापाला वाटलं, माजला. मारलं.
मग वाटलं, नजर लागली. बडव्याला आणलं,
कोंबडा गेला.
गळ्याखाली पाणी उतरलं, लोंबायला लागलं,
तरी तो उताराच्या तोंडाशी उभाच.

मी काही बोलले नाही.
तीच म्हणाली,
‘कुंपणाची तार आम्ही त्याच वर्षी आणली होती.
तुकडे मीच तोडत होते.’

पंखा फिरत होता. कुणी वहीत काही लिहिलं नाही.
रेमलीनं बोटानं हृदय बाजूला केलं,
पोट बाजूला केलं,
तो पडदा तेवढा राहू दिला,
पातळ, निळसर, पलीकडचं दिसेल असा.
बराच वेळ बघत राहिली.
मग ‘पूर्ववत’ दाबलं.
फासळ्या आल्या, मांस आलं, कातडं आलं,
गाय उभी राहिली,
बिनवशिंडाची, उपाशी, ठणठणीत.

नाना मागच्या खोलीत गेले.
आले ते लोणच्याची बरणी घेऊन.
आत खिळे, सुया, तारा, एक तुटकी विळ्याची मूठ,
एकतीस वर्षांचं सगळं,
गंजून एकमेकांना धरून बसलेलं.
काचेवर काही ठेवू नये,
अशी सूचना मीच चिकटवली होती.
त्यांनी ती वाचली. बरणी टेबलावर ठेवली नाही.
रेमलीपुढे धरली.
‘धर बेटा,’ म्हणाले,
‘दोन्ही हातखाल धर. जड शे.’